माझ्या कोपऱ्यातले चुकीचे साल

मित्रांनो, माझी लांबी पाच इंच, रुंदी तीन इंच आणि वय अडतीस वर्षे. मी एक जुने कार्ड आहे. जाड, पिवळट आणि वैतागलेले. जाडपणाचे श्रेय कागदाच्या कारखान्याला, पिवळेपणाचे काळाला आणि वैतागाचे तुम्हा माणसांना. ते कसे, हे क्रमाने सांगते, कारण क्रम सोडून बोलायची आम्हा कार्डांमध्ये पद्धत नाही.

माझा जन्म एका शब्दकोशाच्या कार्यालयात झाला. जुन्या इंग्रजी शब्दांचा इतिहास सांगणारा मोठा कोश तिथे तयार होत होता. कोणता शब्द कधी आणि कोणत्या अर्थाने वापरला गेला, हे नुसते सांगून तिथे भागत नसे, पुरावा लागे. पुरावा म्हणजे आम्ही. जुने पुस्तक वाचताना एखाद्या वाचकाला दुर्मीळ शब्द भेटला, की तो ते वाक्य कार्डावर जसेच्या तसे उतरवी. वरच्या डाव्या कोपऱ्यात पुस्तकाचे साल, उजव्या कोपऱ्यात शब्द, मध्ये वाक्य, त्याखाली पुस्तकाचे नाव आणि पान. खालचा उजवा कोपरा मात्र कोरा सोडायचा. तो तपासणाऱ्याचा. ज्याने कार्ड लिहिले त्याने ते तपासायचे नाही, असा नियम होता. दुसऱ्या कोणीतरी मूळ पुस्तक हातात घ्यायचे, ते पान उघडायचे, वाक्य अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे आणि मगच त्या कोपऱ्यात लाल खूण करायची. नियम उत्तम होता. नियमाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

माझ्यावर लिहिलेला शब्द आहे 'इन्कर्व्हेशन'. अर्थ वाकणे, विशेषतः आतल्या बाजूला वाकणे. आज तो कोणाच्या तोंडी नाही. वाकण्यासाठी इंग्रजीत सुटसुटीत शब्द पुष्कळ आहेत. पण जुन्या काळच्या विद्वानांना लॅटिन वळणाचा शब्द वापरल्याशिवाय एखादी वस्तू पुरेशी वाकली असे वाटत नसे. ह्या शब्दाने काय काय वाकवले, ते माझ्या शेजारच्या कार्डांवरून कळते. एकावर प्रार्थनेत कमरेतून वाकलेला माणूस आहे. दुसऱ्यावर सरळ वाट सोडून वळलेला प्रकाशकिरण आहे. तिसऱ्यावर पायाच्या अंगठ्यात रुतलेले नख आहे. त्याच्याशी आम्ही कामापुरतेच बोलतो. माझ्या वाट्याला आले लहान मुलाच्या पायाचे हाड. माझे वाक्य असे सांगते, की कोवळे हाड भाराखाली मोडत नाही, हळूहळू वाकते; आणि ते वाकल्याचे आईबापांच्या ध्यानात येते तोवर तसेच घट्ट झालेले असते.

हे वाक्य ज्यांनी उतरवले ते एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होते. घरचे-दारचे सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. डॉक्टरांचे अक्षर लावण्यात निम्मे आयुष्य गेल्यामुळे त्यांनी स्वतःचे अक्षर छापल्यासारखे ठेवले होते. सुट्टीच्या दिवशी ते कार्यालयात येत, वैद्यकाची जुनी पुस्तके वाचत आणि कार्डे लिहीत. ह्या कामाबद्दल त्यांना चहाखेरीज काही मिळत नसे, आणि चहाही बेताचाच असे. शंभर कार्डे झाली की ते दवाखान्यातून आणलेल्या बँडेजच्या पट्टीने गठ्ठा बांधत. वाकड्या पायांची मुले त्यांना दवाखान्यात रोज दिसत. त्यामुळे ते वाक्य भेटल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला लिहिले. शाई पुरती वाळेपर्यंत त्यांनी मला बोटही लावले नाही. एवढ्या आस्थेने जन्मलेल्या कार्डाचे पुढे काय व्हावे?

कार्यालयात तेव्हा एक नवा सहायक रुजू झाला होता. सव्वीस वर्षांचा, हुशार, आबांना 'काका' म्हणणारा. कार्ड कसे लिहावे आणि कसे तपासावे, हे त्याला आबांनीच शिकवले होते. आमचा गठ्ठा तपासायला त्याच्याकडे गेला. ज्या पुस्तकातून मी आले ते पुस्तक त्याच मजल्यावर, माझ्या खणापासून बेचाळीस पावलांवर होते. सहायकाने बँडेज सोडले, अक्षर पाहिले आणि शेजारच्या टेबलाला म्हणाला, "काकांची आधीची तीनशे कार्डं तपासली मी. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. आता हीसुद्धा तपासत बसायचं म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं होईल."

"मग नको घेऊस," शेजारचे टेबल म्हणाले. त्याला चहाला जायचे होते.

सहायकाने लाल पेन उघडले आणि सपासप शंभर खुणा केल्या. माझ्या कोपऱ्यात पडली ती सत्त्याहत्तरावी. मित्रांनो, तीनशे कार्डे बिनचूक होती, ह्यावरून लिहिणारा माणूस काळजीवाला आहे एवढेच सिद्ध होते. पुस्तकाविषयी त्यातून काहीही सिद्ध होत नाही. पण एवढा साधा विचार करायला माणूस थांबत नाही. मान ठेवला की काम झाले, असे त्याला वाटते.

कोशात प्रत्येक शब्दाची वाक्ये सालाच्या क्रमाने लागतात. माझ्या कोपऱ्यातल्या सालामुळे मी सगळ्यांच्या पुढे गेले, प्रार्थनेत वाकलेल्या त्या माणसाच्याही कितीतरी पुढे. ते साल मी तुम्हाला सांगणार नाही. खोट्या सालाला आणखी वाचक कशाला मिळवून द्यायचे? एवढे लक्षात ठेवा, की त्या सालामुळे माझा उद्धार झाला. कोशाची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा मला चौकटीत बसवून दर्शनी दालनात टांगले. उजवीकडे आग विझवायचे लाल नळकांडे, समोर घड्याळ, आणि खाली पितळी पट्टी: 'ह्या शब्दाचा पहिला ज्ञात वापर.'

ह्यानंतरची वर्षे माझ्या कौतुकाची, म्हणजेच माझ्या छळाची. पाहुणे येत, शाळांच्या सहली येत. सगळे डाव्या कोपऱ्यातले साल वाचत आणि "बापरे, केवढं जुनं" म्हणत माझ्याकडे बघत. मी तेव्हा सात वर्षांचे होते. वाक्य कोणी वाचीत नसे. एका गृहस्थांनी माझा फोटो काढला, त्यात काचेत पडलेले त्यांचेच नाक आले. तोच फोटो पुढे एका मासिकात छापून आला. मग दुसऱ्या कोशांनी माझे साल घेतले. एकाने आमच्याकडून घेतले, दुसऱ्याने त्याच्याकडून, तिसऱ्याने दोघांकडून. होता होता चौदा कोशांत तेच साल गेले. एकाही कोशवाल्याने पुस्तक मागवले नाही. दुपारचे ऊन रोज पावणेतीनला माझ्यावर येई, शाई विटत चालली, काचेमागे पालीने संसार थाटला. ते कोणाला दिसले नाही. कौतुकाच्या वस्तूकडे कोणी नीट बघत नाही, हा माझा एकतीस वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष आहे.

ह्या काळात तो सहायक पायऱ्या चढत मुख्य संपादक झाला. केस पिकले, आवाज मऊ झाला, लाल पेन दुसऱ्यांच्या हाती गेले. आबा एकोणऐंशीचे झाले, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, कार्यालयात येणे थांबले. पण त्यांची धाकटी सून कार्यालयात लागली, तपासनीस म्हणून. तिला हे काम आबांनीच घरी बसून शिकवले होते. खूण करण्याआधी पुस्तक उघडायचे, उघडले नाही तर पेनाचे टोपण काढायचे नाही. ही बाई खरोखर तसेच करी. तिचा गठ्ठा सगळ्यांत शेवटी निघे, म्हणून लोक तिला मागून 'गोगलगाय' म्हणत आणि पुढून 'ताई'.

ह्या वर्षी कोशाची नवी आवृत्ती छापायला जायची होती आणि त्या निमित्ताने गुरुवारी समारंभ ठरला होता. आबांचा सत्कार व्हायचा होता. आमंत्रणपत्रिकेवर माझा फोटो होता. मुख्य संपादकांची कल्पना अशी, की मला चौकटीतून काढून काचेच्या पेटीत ठेवावे आणि शेजारी ते मूळ पुस्तक, बरोबर त्या पानावर उघडून. कल्पना चांगली होती. फक्त अडतीस वर्षे उशिरा सुचली होती, आणि तीही सजावट म्हणून.

हे काम तपासनीसबाईंकडे आले. शुक्रवारी सकाळी तिने मला काचेतून मोकळे केले, मागचा पालीचा संसार हलवला आणि पुस्तक आणायला गेली. बेचाळीस पावले तिनेच मोजली. तिला मोजायची सवय आहे. पुस्तक आले. जाड, कातडी पाठीचे, एका बंद पडलेल्या रुग्णालयाच्या ग्रंथालयातून भेट आलेले. तिने मला डावीकडे ठेवले, पुस्तक उजवीकडे, आणि पान तेवीस उघडले.

पान तेवीसवर तापाविषयी मजकूर होता. हाड नव्हते.

तिने पान बत्तीस पाहिले, कारण आकड्यांची अदलाबदल होऊ शकते. मग तेरा, तेहेतीस, त्र्याऐंशी, एकशे तेवीस. नाही. दुपारी ती पहिल्या पानापासून ओळ न् ओळ वाचू लागली. शनिवारी संध्याकाळी पान एकशे अठ्ठ्याऐंशी आले, खाली ठळक अक्षरांत 'समाप्त' आले, आणि त्या सबंध पुस्तकात 'इन्कर्व्हेशन' हा शब्द एकदाही आलेला नव्हता.

तिने माझ्याकडे पाहिले. मला अडतीस वर्षांत अनेकांनी पाहिले आहे. असे कोणी पाहिले नव्हते. तिच्या मनात काय आले, ते सांगायला तर्कशास्त्र पुरे आहे. पुस्तकात वाक्य नसेल, तर ते आले कुठून? कार्ड लिहिणाऱ्या माणसाने रचले? आबांची चार हजार कार्डे कोशात होती. त्यांनी एक वाक्य रचले असेल, तर चार हजारांवर कोण विश्वास ठेवणार? आणि ज्यांनी तिला पुस्तक उघडायला शिकवले त्यांच्यासमोर ती घरी जेवायला कशी बसणार?

शनिवारी ती बसली नसावी. सोमवारी सकाळी तिचे डोळे सांगत होते.

मुख्य संपादक टेबलाशी आले. "ताई, पेटी तयार? काचेला पाणी लागलंय म्हणे, पुसून घ्या."

"सर, वाक्य सापडत नाहीये."

"सापडेल की. पान लिहिलेलंच आहे कार्डावर."

"त्या पानावर नाहीये. एकशे अठ्ठ्याऐंशी पानं वाचली मी. कुठेच नाहीये."

संपादक हसले. "तुमच्या डोळ्यांना विश्रांती हवीये. चौदा कोशांत आहे ते, ताई. चौदा."

"चौदांनी आपल्याकडून घेतलंय, सर."

"मग आपणही काही विचार करूनच दिलं असेल ना."

हे बोलून ते काच पुसायचे फडके शोधायला गेले. मित्रांनो, चौदा साक्षीदारांनी एकाच माणसाच्या सांगण्यावरून साक्ष दिली, तर साक्षीदार एकच असतो. हे गणित पाचवीतल्या मुलालाही समजावता येते. साठी ओलांडलेल्या संपादकाला का येत नाही, ह्याचे उत्तर मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. त्यांना ते येत होते. माझ्या कोपऱ्यातली लाल खूण कोणाची आहे, हे त्यांना ठाऊक होते.

सोमवारी दुपारी सुनेने पुस्तक मिटण्यासाठी उचलले आणि तिच्या लक्षात एक गोष्ट आली. 'समाप्त' हा शब्द पुस्तकाच्या शेवटी नव्हता. त्यानंतरही बोटभर जाडीची पाने होती. सूची किंवा पुरवणी असेल असे समजून तिने ती सोडली होती. आता तिने ती उलटली. पानांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होत होते. तिने तेवीस काढले. उजव्या हाताला, वरून सहाव्या ओळीत, माझे वाक्य. स्वल्पविरामासह.

तिने दोन्ही तळहात टेबलावर सपाट ठेवले. आबांनी रचले नव्हते.

पण ती तपासनीस होती, त्यामुळे समाधान फार टिकले नाही. एका पुस्तकात दोन पाने तेवीस का? जुन्या छपाईत पानांचे आकडे हवे तसे चुकत, हे खरे. तरी तिने पुस्तक उचलून खाली बांधणीच्या खोलीत नेले. मलाही पानात खूण म्हणून घालून नेले. बांधणीच्या खोलीत खळकाका होते. जुन्या पुस्तकांची बांधणी दुरुस्त करणारे हे गृहस्थ. बोटांना सदा चिकटवायची खळ लागलेली, म्हणून खळकाका. त्यांनी पुस्तक उघडलेच नाही. उभे धरले, वरून पाठीत डोकावले.

"हे दोन आहेत," ते म्हणाले.

"काय दोन?"

"पुस्तकं. शिवण बघा. इथपर्यंत जाड दोरा, इथून पुढे बारीक. कागदही वेगळा. कोणीतरी दोन पुस्तकं एका कातड्यात बांधून घेतलीत. पूर्वी करायचे असं. कातडं महाग पडायचं, बाई."

"पण दुसऱ्याचं पहिलं पान कुठंय? नाव, साल, काहीच नाही."

खळकाकांनी 'समाप्त'च्या पुढचे पान बोटांत चिमटले आणि कानाशी नेऊन वाजवले. "हे एक पान नाहीये. दोन चिकटलीत. शिळी खळ, माझ्याआधीच्या कोणाची तरी. मी असतो तर एवढी लावली नसती."

त्यांनी ओला टिपकागद लावून ठेवला, बिडी ओढून आले, आणि हाडाच्या पातळ पट्टीने कडेपासून पान सोडवू लागले. अर्धा तास लागला. पान सुटले. आत दुसऱ्या पुस्तकाचे नाव होते, लेखकाचे नाव होते, आणि साल होते. माझ्या कोपऱ्यातल्या सालापेक्षा सत्त्याऐंशी वर्षांनी अलीकडचे.

आबांनी वाक्य बरोबर उतरवले होते, पान बरोबर लिहिले होते. साल मात्र पहिल्या पुस्तकाचे घेतले होते, कारण दुसऱ्याचे चिकटून बसले होते.

"घरी कसं सांगू काका?" सून म्हणाली. "गुरुवारी सत्कार आहे त्यांचा. ह्याच कार्डासाठी. कोट धुवून आणलाय."

"तुम्ही कशाला सांगताय?" खळकाका पट्टी पुसत म्हणाले. "तुम्ही सांगितलं की सून बोलली असं होतं. पुस्तक द्या हातात. त्याला नातं नसतं."

मंगळवारी तिने आधी संपादकांना सांगितले. त्यांनी सुटलेले पान पाहिले, दार लावून घेतले आणि खुर्चीत बसले. मी टेबलावर होते, त्यामुळे सगळे ऐकले.

"कोणाकोणाला माहितीये?"

"मला, तुम्हाला आणि खळकाकांना."

"मग असं करू या. ह्या आवृत्तीत जसं आहे तसं जाऊ दे. पुढच्या आवृत्तीत शांतपणे दुरुस्त करू."

"पुढची आवृत्ती कधी, सर?"

"वीस-बावीस वर्षांनी."

तिने सुटलेले पान त्यांच्यापुढे सरकवले.

"ताई, माझ्या खुणेसाठी म्हणत नाही मी. म्हणजे, त्यासाठीही म्हणतो, खोटं कशाला बोलू. पण काका एकोणऐंशीचे आहेत. त्यांना ह्या वयात सगळ्यांसमोर चूक दाखवायची? मला त्यांच्याबद्दल आदर आहे. मी नाही करू शकत हे."

"तुम्ही तेव्हाही आदरच केला होता, सर," सून म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागले. "छपाईला कधी जातंय?"

"शुक्रवारी."

मित्रांनो, त्या दिवशी माझा संयम सुटला होता. मात्र कार्डाचा संयम सुटला तरी बाहेरून काही दिसत नाही. सत्त्याऐंशी वर्षांचे खोटे मला आणखी बावीस वर्षे कपाळावर वागवायचे होते, आणि कारण काय, तर आदर. मोडलेले हाड निदान दुखते तरी. मी नुसते वाकले होते, आणि सगळ्यांना तेच माझे मूळ वळण वाटत होते.

बुधवारी आबा आले. मांडणी बघायची म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता. हातात काठी, नाकावर जाड भिंगांचा नवा चष्मा. संपादक दारापर्यंत सामोरे गेले. "काका, या. चहा सांगू?"

"अजून तसाच करता का रे?"

"तसाच."

"मग नको."

सुनेने खुर्ची ओढली. टेबलावर मी होते आणि पुस्तक होते, मिटलेले. ती म्हणाली, "आबा, पेटीत ठेवायला पान उघडून द्या. तुमच्या हातानं."

आबांनी पुस्तक उघडले. पान तेवीस. वाचले. पुढचे पाहिले, मागचे पाहिले. मग थेट 'समाप्त'वर गेले आणि पुढे. हातांना वाट आठवत होती. पण वाटेत एक पान होते, जे त्यांनी कधी पाहिले नव्हते. ते तिथे थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. साल वाचले. माझ्याकडे पाहिले. पुन्हा साल वाचले.

संपादक खिडकीकडे बघत होते.

"हे चिकटलेलं होतं?" आबांनी विचारले.

"हो. परवा सोडवलं."

"चिकटलेलं होतं हे ठीक," आबा म्हणाले. "पण पानांचे आकडे एकपासून सुरू झाले, तेव्हाच मला थांबायला हवं होतं. मला आठवतंय ते. छापणाऱ्याची चूक असेल म्हणून पुढे गेलो." काठीची मूठ त्यांनी दोनदा इकडून तिकडे फिरवली. "तू ह्याच्यासाठीच नीट जेवत नव्हतीस का शनिवारपासून?"

"मला वाटलं..." ती म्हणाली.

"मी रचलं असेल असं वाटलं."

"दोन दिवस वाटलं, आबा."

"वाटायलाच हवं. पुस्तकात नाही म्हटल्यावर दुसरं काय वाटणार?" मग त्यांनी मला उचलले, उजेडाकडे धरले आणि खालचा कोपरा पाहिला. "ही खूण कोणाची?"

"माझी, काका," खिडकीकडून आवाज आला.

"पुस्तक उघडलं होतंस?"

"नाही."

"का रे?"

"तुमचं होतं म्हणून."

आबा आता खरोखर चिडले. स्वतःच्या चुकीवर ते एवढे चिडले नव्हते. "अरे, मी तुला तपासायला शिकवलं होतं, पाया पडायला नाही. मी कंपाउंडर माणूस. डॉक्टर एवढा मोठा असायचा, तरी बाटली देण्याआधी मी चिठ्ठी दोनदा वाचायचो. त्यात डॉक्टरचा अपमान नव्हता, रोग्याचा जीव होता. तू एक पान उघडलं असतंस, तर अडतीस वर्षं मी हे मिरवलं नसतं. ह्याला मान म्हणतात का?"

संपादक खिडकीपासून टेबलाशी आले. त्यांनी खिशात अजून बाळगलेले लाल पेन काढले आणि सुनेसमोर ठेवले. त्यांचे मला आवडलेले ते पहिले कृत्य.

आबांनी स्वतःच्या पेनाने माझे जुने साल एका रेघेने खोडले, वाचता येईल असे, कारण चूक पुसायची नसते, दिसू द्यायची असते. शेजारी नवे साल लिहिले, पुस्तकाचे नावही बदलले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "ह्या दुसऱ्या पुस्तकातून मी एकच कार्ड नव्हतं लिहिलं. एकसष्ट लिहिली होती."

"एकसष्ट," संपादक खुर्चीत बसत म्हणाले. "शुक्रवारी छपाई आहे, काका."

"मग छपाईला सांग, थांबा म्हणावं."

"आणि उद्याचा सत्कार?"

"उद्या मला वेळ नाही," आबा म्हणाले. "ज्यांना बोलावलंस त्यांना येऊ दे की. आलेच आहेत तर एकेकाला दोन-दोन कार्डं दे तपासायला. सूनबाई, खण उघड."

सुनेने माझे वाक्य पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडले, नवे साल ताडले, आणि जुन्या खुणेशेजारी नवी लाल खूण केली. त्याआधी ती पदराने डोळे टिपत होती. पेनाचे टोपण मात्र तिने सगळे ताडून झाल्यावरच काढले.

मित्रांनो, आता मी पुन्हा खणात आहे. सालाच्या क्रमाने माझा नंबर पाचवा लागतो. पहिला मान प्रार्थनेत वाकलेल्या त्या माणसाला मिळाला आहे आणि तो आता कोणाशी सरळ बोलत नाही. छपाई सात आठवडे पुढे गेली. त्या चौदा कोशांना संपादकांनी स्वतः पत्रे लिहिली. दोघांनी उत्तर दिले. एकाने आभार मानले. दुसऱ्याने विचारले, की हे नवे साल आपण कोणत्या कोशातून घेतले? ते पत्र आबांनी मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यानंतर बराच वेळ ते खोकत होते की हसत होते, हे मला खणातून कळले नाही.

माझे मागणे फार नाही. तुम्हाला कोणी मोठा वाटला, तर जरूर वाटू द्या. पण त्याने सांगितलेली गोष्ट एकदा उघडून पाहा, आणि न बघता केलेल्या खुणेला त्याचा मान म्हणू नका. एकसष्टांपैकी त्रेचाळीस कार्डे तपासून झाली आहेत. उरलेल्या अठरांसाठी आबा उद्या दहा वाजता येणार आहेत. तोवर कृपा करून आमच्यापैकी कोणाला काचेत घालू नका.